नकल्या होय थो

मागच्या पावसाळ्यात "डोंगर बोलतोय" अशा मथळ्याखाली एका पक्ष्याचा अठ्ठावीस सेकंदांचा आवाज तुमच्या मोबाइलवर आला होता का? आला असेल, तर तुम्ही तो पुढे किती जणांना पाठवलात?

विचारते आहे, कारण तो आवाज मीच मुद्रित केला, मीच कापला आणि मीच पाठवला. खालचा मजकूरही माझाच होता: "एटापल्ली तालुक्यातल्या आमच्या डोंगरावर दुर्मीळ कर्णा पक्षी आहे! हा डोंगर कोण फोडणार?" त्यातलं पहिलं वाक्य खोटं आहे. मूळ मुद्रण तेहतीस सेकंदांचं आहे. उरलेल्या पाच सेकंदांत काय होतं, ते सांगायला मला जवळजवळ वर्ष लागलं.

माझे बाबा चंद्रपुरात एका छोट्या छापखान्यात शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायचे. दिवसा लग्नपत्रिका आणि दुकानांची बिलं, संध्याकाळी मोर्च्यांची, जयंतीची, वसतिगृहाच्या मागण्यांची पत्रकं. शाळा सुटली की मी तिथेच जाऊन बसायची. मला अक्षरं आधी उलटी वाचता आली, मग सुलटी. पत्रकांच्या घड्या घालता घालता मी वाढले आणि जगातली प्रत्येक गोष्ट एका पानात, दोन्ही बाजूंनी छापून सांगता येते, असं माझं मत झालं.

पहिलं पत्रक मी आठवीत लिहिलं, आमच्या वस्तीतल्या नळासाठी. प्रत्येक वाक्याच्या शेवटी उद्गारचिन्ह. बाबांनी निम्मं पान जुळवलं आणि हाक मारली.

"पोरी, उद्गारचिन्हं संपली. खणात चारच होती. आता बाकीचं खरंच लिहा लागन."

सगळे हसले. मी रडकुंडीला आले होते.

बाबांची एक सवय मला तेव्हा फार कंटाळवाणी वाटायची. ज्याच्याबद्दलचं पत्रक असेल, त्या माणसाला ते मशीनजवळच्या स्टुलावर बसवायचे आणि कच्चा कागद मोठ्यानं वाचून दाखवायचे. त्याला वाचता येत असलं तरीही. मशीन थांबलेलं, शाई वाळतेय, आणि बाबा एका हमालाला त्याचंच म्हणणं वाचून दाखवताहेत, तो मध्येच थांबवून म्हणतोय, "असं नाई म्हटलं म्या." मग पुन्हा खिळे काढा. मी विचारलं की बाबा म्हणत, "ज्याचं बोलणं आहे, त्याच्या कानावरून जाऊ दे एकदा."

ही सवय मी घेतली नाही. मी उद्गारचिन्हं घेतली.

गडचिरोलीत शिक्षण संपल्यावर मी एका गावात राहायला गेले. एटापल्लीहून एसटीनं तासभर, मग पुढे पायी. गाव माडिया लोकांचं. माझ्याशी मात्र सगळे त्या भागातली मराठी बोलत, कारण मला गोंडीची दहा-पंधरा वाक्यंच येत होती आणि तीही चुकत. गावामागे डोंगर आहे. त्या डोंगरावरचा मोह, चारोळी, तेंदू, बांबू गावानं पिढ्यान्‌पिढ्या आणला. आता त्याच्या एका अंगाला गिट्टीची खदान होणार अशी बोलवा होती. पांढऱ्या गाडीतून माणसं आली, दगडांवर चुन्याच्या खुणा करून गेली. म्हणून ग्रामसभेनं डोंगरावर सामूहिक वनहक्काचा दावा टाकायचं ठरवलं. दावा मान्य झाला असता तर गावाला विचारल्याशिवाय डोंगराला हात लावता आला नसता. फाइल लिहायला माणूस हवा होता. मी तयारच होते.

ग्रामसभेच्या अध्यक्ष एक बाई होत्या. चाळिशीच्या, उंच, आणि माझी थट्टा करण्यात पटाईत. मी आल्या दिवसापासून त्या मला "म्याडम" म्हणत. त्या शब्दात आदर किती आणि मजा किती, याचा मला अजून अंदाज आलेला नाही.

फाइलमध्ये नकाशा लागतो, ठराव लागतो, आणि लागतो वडीलधाऱ्या माणसाचा जबाब. गावाची शीव कुठून कुठे, कोणत्या नाल्यावरून कोण काय आणत आलं, देवाची जागा कुठली, हे म्हाताऱ्या माणसानं सांगायचं आणि ते त्याच्या शब्दांत लिहून घ्यायचं. कायदा त्याला पुरावा मानतो. मला कायद्यातली ही एवढीच गोष्ट फार आवडायची. मी ती भाषणात सांगायची सुद्धा.

जबाब द्यायचा होता आजानं. गावात सगळे त्याला आजाच म्हणत. सत्तरीच्या पुढचा, बारीक, एका डोळ्यात फूल पडलेलं. त्याला डोंगरावरचा दगड न् दगड ठाऊक होता, पण त्याला दोन वाक्यं सरळ बोलायला लावणं कठीण. कारण तरुणपणी तो दंडारीत नकल्याचं काम करायचा. दंडार म्हणजे दिवाळीनंतर रात्रभर चालणारं आमच्या झाडीपट्टीचं नाचगाणं, आणि नकल्या म्हणजे त्यातला नक्कल करून हसवणारा माणूस. आजा शेजारच्या गावांच्या दंडारीत जाऊन हे शिकला होता. शिवेबद्दल विचारलं की तो म्हणायचा, "त्या नाल्यापाशी फारेष्टवाला पडला होता," आणि लगेच तो फॉरेस्टगार्ड कसा घसरला, कसा उठला, कशी टोपी झटकली, ते करून दाखवायचा. मी वहीत काय लिहू? अर्धा तास हसून झालं की वहीत एक ओळ. मी मनातल्या मनात चिडायची. माझ्या कल्पनेतला वडीलधारा माणूस गंभीर होता.

भाद्रपदात एके दिवशी सकाळी मी, आजा आणि अध्यक्षबाई शीव बघायला डोंगरावर गेलो. सागाची पानं किड्यांनी खाऊन जाळीदार झाली होती. उन्हाकडे धरलं तर पलीकडचं दिसावं अशी. नाल्याच्या घळीत उतरलो तसा गारवा आला. दगडांवर शेवाळ, वर मोठी जुनी झाडं, प्रकाश हिरवा आणि कमी. माझ्या पिशवीत गडचिरोलीत जुन्या पुस्तकांच्या ढिगात मिळालेलं एक पक्ष्यांचं पुस्तक होतं. सहा महिन्यांत मी त्यातले जेमतेम वीस पक्षी ओळखायला शिकले होते.

तेवढ्यात वरून आवाज आला. क्यू, क्यू, क्यू, क्यू. घोगरा, एका लयीत.

मला ते पान पाठ होतं. कर्णा. दमट, सदाहरित जंगलात राहणारा, किडे खाणारा, लाजरा पक्षी. नराची छाती लाल, शेपटी लांब. पुस्तकातल्या नकाशात आमचा जिल्हा रंगवलेला नव्हता, आणि त्यामुळेच मी हुरळून गेले. नकाशात नसलेला पक्षी आमच्या डोंगरावर! मी मोबाइल वर धरला.

फांद्यांमधून काहीतरी उडालं. गडद रंगाचं, लांब शेपटीचं. छाती मला दिसली नाही. पण पुस्तकात असंही लिहिलं होतं की कर्णा माणसाकडे पाठ करून बसतो. म्हणजे लाल छाती न दिसणं हा सुद्धा पुरावाच झाला. माझं डोकं त्या क्षणी असं चालत होतं.

मागून आजा म्हणाला, "नकल्या होय थो."

मला वाटलं, म्हाताऱ्याला पुन्हा दंडार आठवली. त्याच्या बोलण्यात दर दहा मिनिटांनी कोणीतरी नकल्या यायचाच. मी वळले, आणि...

तेव्हा मी काय केलं ते मी नंतर कितीतरी दिवस विसरले होते. खरंच विसरले होते. ते पुढे सांगते.

दुसऱ्या दिवशी एटापल्लीला गेले. तिथे चहाच्या टपरीवर नेटवर्क बरं मिळतं. बाकड्यावर बसून मी मुद्रण ऐकलं. शेवटी माणसाचा आवाज सुरू होतो तिथे मी थांबले आणि पुढचा भाग बोटानं ओढून काढून टाकला. पुढचं ऐकलंही नाही. ती मला खरखर वाटली. उरली अठ्ठावीस सेकंदं, स्वच्छ.

मग पत्रक लिहायला घेतलं. त्यात मी लिहिलं, "त्याची रक्तासारखी लाल छाती आम्ही याच डोळ्यांनी पाहिली." रक्त हा शब्द मला फार योग्य वाटला होता. "मुक्या जंगलाचा आवाज आता दाबता येणार नाही," हेही लिहिलं.

छापायला चंद्रपूरला गेले. बाबा आता म्हातारे झालेत. छापखान्यात खिळे नाहीत, संगणक आहे, पण मालक त्यांना अजून कच्चा कागद तपासायला बोलावतो. त्यांनी चष्मा लावून माझं पत्रक वाचलं.

"हे पाखरू कोण ओळखलं?"

"मी."

"गावातल्या कोणी?"

"बाबा, पुस्तकात आहे ते. गावात कोणाला कर्णा हे नाव माहीत असणार?"

"नाव नाई त नाई. पाखरू त माहीत असन. वाचून दाखवलंस कोणाले?"

"वेळ नाही आहे, बाबा. दाव्याच्या समितीची तारीख जवळ आली."

त्यांनी चष्मा काढला, कागद माझ्याकडे सरकवला. "तू शिकलेली आहेस," एवढंच म्हणाले. मला त्या वेळी ते कौतुक वाटलं.

पत्रक वाटलं गेलं, आवाज ग्रुपवरून ग्रुपवर गेला. नागपूर-पुण्याहून फोन आले. एका मुलीनं रडत फोन केला, की तुमच्यासारखी माणसं आहेत म्हणून जंगल आहे. मी तिची समजूत घातली. त्या पंधरा दिवसांत आजाकडे मी एकदाही जबाब घ्यायला गेले नाही. त्याची दोन पानं लिहून घ्यायची म्हणजे चार दिवस जाणार होते, आणि कर्णा तर एका आवाजात सगळं सांगत होता. फाइलमध्ये जबाबाच्या जागी मी पत्रक लावलं. अध्यक्षबाईंनी सही करताना विचारलं, "आजाचं कागद लागलं नं याच्यात?" मी म्हटलं, "त्याहून भारी लागलंय." त्यांनी सही केली. माझ्यावर विसंबून केली.

समिती पाहणीला आली ती आश्विनात. एक साहेब, दोन कारकून, आणि माझ्याच गाजावाजामुळे सोबत आणलेले एक निवृत्त मास्तर, ज्यांचं आयुष्य पक्षी बघण्यात गेलं होतं. मास्तरांनी समाजमंदिराच्या ओट्यावर बसून माझी ध्वनिफीत तीनदा ऐकली, कानाला मोबाइल लावून.

"छान आहे. पण शेवट असा तुटल्यासारखा का?"

"नेटवर्क," मी म्हणाले.

आवाज मुद्रित करायला नेटवर्क लागत नाही, हे त्यांना ठाऊक होतं, मलाही होतं. त्यांनी मला अडवलं नाही. "चला, जागा बघू," म्हणाले.

सगळे निघालो. गावातली पंधरा-वीस माणसंही मागे. घळीच्या तोंडाशी गुरं चरत होती. त्यांच्या पायांमुळे गवतातून नाकतोडे उडत होते, आणि वाळक्या फांदीवरून एक काळा पक्षी सूर मारून ते हवेत टिपत होता. डोक्यावर तुरा. शेपटीच्या दोन लांब तारा आणि त्यांच्या टोकांना दोन काळी पानं; उडाला की दोन भुंगे त्याच्या पाठीला लागल्यासारखे दिसत. त्यानं नाकतोडा गिळला, फांदीवर बसला आणि म्हणाला,

क्यू, क्यू, क्यू, क्यू.

तोच आवाज. माझाच. मग त्यानं शिक्र्याची किंकाळी काढली. खालच्या झुडपातल्या सातभाईंची पळापळ झाली. मग मांजर. मग गुराख्याची शीळ, ती इतकी हुबेहूब की एक गाय मान वर करून बघायला लागली.

"भृंगराज. कोतवालाच्याच जातीतला," मास्तर हळूच म्हणाले.

"नकल्या," आजा म्हणाला. "दुसऱ्याईच्या आवाजानं साऱ्याईले पळवते, अना किडे एकटा खाते."

साहेब हसले. "म्हणजे आजोबा, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"म्या त बाईले तवाच सांगतलं होतं."

"मग?"

आजा दोन पावलं पुढे आला, उजवा हात मोबाइल धरल्यासारखा वर केला, मान ताठ, भुवया माझ्यासारख्या चढलेल्या, आणि झटकन मागे वळून ओठांवर बोट ठेवलं.

"शूऽऽ!"

अख्खी घळ हसली. माणसं, कारकून, गुराखी. अध्यक्षबाईंना हसू आवरेना. त्या माझ्या खांद्याला धरून हसत होत्या. इतकी तंतोतंत नक्कल मी आयुष्यात पाहिली नव्हती. ती मी होते. मला तेव्हा आठवलं. मी त्याला गप्प केलं होतं. बोट ओठांवर ठेवून, वर्गातल्या पोराला करावं तसं, सत्तरी ओलांडलेल्या माणसाला, त्याच्याच डोंगरावर.

साहेबांचं हसू आधी ओसरलं. त्यांनी फाइल उघडली.

"म्हणजे हा पुरावा नकली."

"नकली नाई साहेब, नकल्या," अध्यक्षबाई अजून हसतच म्हणाल्या.

"बाई, मला कागदावर एकच लिहिता येतं. हे राहू द्या. वडीलधाऱ्यांचा जबाब कुठाय?"

अध्यक्षबाई माझ्याकडे वळल्या. साहेबांनी पानं मागे-पुढे केली. जबाबाच्या जागी माझं पत्रक होतं, मोठ्या लाल अक्षरांत.

"जबाब नाही," साहेब म्हणाले. "आणि जे आहे त्यात लाल छाती याच डोळ्यांनी पाहिली असं लिहिलंय. कोणी पाहिली?"

अध्यक्षबाईंचा हात माझ्या खांद्यावरून निघाला.

साहेब वाईट नव्हते. वाईट असते तर मला त्यांच्याविरुद्ध पत्रक काढता आलं असतं. त्यांनी दावा फेटाळला नाही. त्रुटी काढून फाइल परत केली आणि पुढच्या बैठकीपर्यंत मुदत दिली. पण जाताना म्हणाले, "एक कागद असा निघाला की बाकीच्या कागदांकडेही माणूस तसाच बघतो. तुमच्या गावाचं नुकसान केलंत तुम्ही." मास्तरांनी माझी समजूत घालायचा प्रयत्न केला, की भल्याभल्यांना भृंगराज फसवतो. मला फसवलं नव्हतं कोणी. मला सांगितलं होतं.

त्या दिवसापासून गावात माझं नाव पडलं: शू बाई. आजाचे शब्द फितीत नाहीत, म्हणजे मी ते कापले, हेही सगळ्यांच्या लक्षात आलं होतं. विहिरीवर गेले की बायका बोलणं थांबवायच्या आणि एकमेकींकडे बघून ओठांवर बोट ठेवायच्या. "चूप व्हा वं, शू बाई आली, थे कापते." लहान मुली माझ्या मागून "शूऽऽ" करत पळायच्या. चौथ्या दिवशी मी पिशवी भरली आणि पहिल्या एसटीनं गडचिरोलीला निघून गेले. तिथे मैत्रिणीच्या खोलीत आठ दिवस पडून होते. तेवढे आठ दिवस मुदतीतले वाया गेले, हे इथे लिहायलाच हवं.

बाबांचा फोन आला. त्यांना शू आणि कापलेला शेवट, दोन्ही कळलं होतं.

"मी दुसरं पत्रक काढते," मी म्हणाले. "माफीचं. आज रात्रीच लिहिते."

"कोणाची माफी?"

"सगळ्यांची. जनतेची."

"जनतेले तू शू केलं होतं का?"

पलीकडून छापखान्यातला पंखा ऐकू येत होता.

"गावाले जा," बाबा म्हणाले. "अना जायच्या आधी थे पुरं ऐक. कापलेलं."

मूळ मुद्रण मोबाइलमध्ये होतंच. मी दार लावून ऐकलं. क्यू, क्यू, अठ्ठावीस सेकंदं. मग आजाचा आवाज: "नकल्या होय थो." आणि लगेच, त्याचं वाक्य पुरं होतं न होतं तोच, माझा. "शू!"

घळीत आजानं केलेली नक्कल मऊ होती, हे मला तेव्हा कळलं. खरा आवाज कडक होता. मी तो ओळखत होते. कचेरीच्या खिडकीतून तो येतो. रेशनच्या रांगेत येतो. आमच्या घरात सांगतात की माझ्या आजोबांच्या बापाला चावडीसमोर मातीत बसून बोलायची परवानगी मागावी लागे, आणि वरून हा असाच एक आवाज यायचा, नुसता दातांतून, शब्द सुद्धा खर्च न करता. त्या आवाजाविरुद्ध मी आठवीपासून लिहीत आले. आणि तो माझ्या तोंडून इतका सराईतपणे निघाला होता की मला आठवला देखील नव्हता.

परत गेले तेव्हा आजा ओसरीवर बांबूच्या काड्यांचा मासे पकडायचा सापळा विणत होता.

"आजा, तुमचा जबाब लिहायचाय."

"कोणाचा?"

"तुमचा."

त्यानं काडी दातांत धरून वाकवली, बसवली, मग म्हणाला, "तू कापशीन."

रागानं नाही म्हणाला. पाऊस येईल, असं म्हणावं तसं. दोन दिवस मी नुसती जाऊन ओसरीवर बसले. तो काड्या वाकवायचा, मी सोलून द्यायची. तिसऱ्या दिवशी त्यानं सापळा बाजूला ठेवला.

"लिह्यलं का वाचून दाखवशीन?"

"हो."

"साऱ्याईसमोर?"

"हो."

"मंग थे बी वाजव. थे शू."

ग्रामसभेत मी तेहतीस सेकंदं वाजवली. "शू" आलं तेव्हा मी सगळ्यांच्या हसण्याची वाट बघत खाली मान घातली. कोणी हसलं नाही. अध्यक्षबाई म्हणाल्या, "पुन्हा वाजव." मी पुन्हा वाजवलं. मग त्या म्हणाल्या, "आवाज त फारेष्टवाल्याचाच हाय," आणि तेव्हा कुठे लोक हसले. मी नाही हसू शकले.

जबाबाला चार दिवस लागले, मला वाटलं होतं तेवढेच. या वेळी मी आजाच्या नकलाही लिहिल्या. फॉरेस्टगार्ड कोणत्या नाल्यात घसरला, हे लिहिताना लक्षात आलं की तोच नाला गावाची उत्तरेकडची शीव आहे, आणि तो गार्ड गावकऱ्यांना बांबू नेताना अडवायला आला होता. म्हणजे त्या काळी गाव तिथून बांबू नेत होतं, याची ती साक्ष होती. मी सहा महिने तिच्यावर नुसती हसून वही मिटत होते.

चौथ्या दिवशी मी भीत भीत विचारलं, "आजा, नकल्यानं ज्याची नक्कल केली, तो खरा पक्षी आहे का डोंगरावर?"

"लाल छातीचा?"

मला वाटलं, साहेबांनी पत्रकातून वाचलेलं तेवढंच त्याच्या लक्षात राहिलंय.

"ल्हानपणी बापानं दाखवला होता. नाल्याच्या वरच्या अंगाले, जुन्या झाडाईत. पाठ करून बसते थो. आता हाय का नाई, मले माहीत नाई. नकल्यानं कुठी आयकला, थे बी माहीत नाई."

त्या दिवशी भाद्रपदात मी बोट ओठांवर न ठेवता नुसतं "कोण नकल्या?" एवढं विचारलं असतं, तर हे सगळं तिथेच कळलं असतं. तीन शब्दही लागले नसते.

मी लिहिलं: "माहीत नाही." माझ्या एकाही पत्रकात हे दोन शब्द कधी आलेले नाहीत. आजाच्या जबाबात ते सात वेळा आहेत. वाचून दाखवताना त्यानं आणखी एका ठिकाणी मला थांबवलं: "असं नाई म्हटलं म्या. तिथी बी माहीत नाई असंच लिह." मग आठ झाले. पानावर शेवटी त्याचा अंगठा, आणि अध्यक्षबाईंची सही. या वेळी त्यांनी सही करण्याआधी सगळं पुन्हा एकदा वाचायला लावलं.

मुदतीच्या आदल्या दिवशी फाइल एटापल्लीला जमा झाली. अजून निर्णय आलेला नाही. चुन्याच्या खुणा पावसानं पुसट झाल्यात, पण आहेत.

आणि माझी अठ्ठावीस सेकंदं अजून फिरताहेत. मागच्या महिन्यात मी आणि अध्यक्षबाई चौकशीला कचेरीत गेलो होतो. व्हरांड्यात एका माणसानं दुसऱ्याला मोबाइल वाजवून दाखवला आणि म्हणाला, "हेच काय थे नकली पाखरूवालं गाव?" दोघं हसले. अध्यक्षबाई त्यांच्याकडे सरळ बघत उभ्या राहिल्या. मग मला म्हणाल्या, "तुह्या तोंडचं गेलं ना बाहेर, तूच वापस आण."

मला एकटीला ते परत आणता येत नाही. मी कोणाकोणाला पाठवलं याची यादी माझ्याकडे आहे. त्यांनी कोणाला पाठवलं, ती तुमच्याकडे आहे. म्हणून तुम्हाला सांगते. ती फीत तुमच्या मोबाइलवर असेल तर आज पुसून टाका. ज्यांना पाठवली त्यांना एवढं लिहून पाठवा: "तो आवाज भृंगराजाचा आहे. गावातल्या म्हाताऱ्या माणसानं तेव्हाच सांगितलं होतं. लिहिणारीनं त्याला गप्प केलं. चूक तिची, गावाची नाही." आणि छापील पत्रक कुठे घरात सापडलं, तर त्यावरची लाल छातीची ओळ पेनानं खोडा आणि बाजूच्या कोऱ्या जागेत आजाचं वाक्य लिहा. तीनच शब्द आहेत.